पोलीस ठाण्याचा हिशेब

(जांभूळ येथील व्याख्यानमालेत दिलेल्या स्मृती व्याख्यानाचा मजकूर)



पोलिसांवर सरकारने किती खर्च करावा, असा प्रश्न चारचौघांत काढला की लोक आधी विचारतात, तुम्ही पोलिसांच्या बाजूचे की विरुद्ध? म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकतो. मी काटकसरीच्या बाजूचा माणूस आहे. सरकारने रोजचा खर्च कर्ज काढून भागवू नये असं मला मनापासून वाटतं. सरकारी खर्च एकदा सुरू झाला की सहसा बंद होत नाही, हे ध्यानात ठेवूनच पहिला रुपया मंजूर व्हावा, असंही वाटतं. शिक्षण, पाटबंधारे, अनुदानं यांना आपण ही कसोटी लावतो, तीच पोलीस खात्यालाही लावली पाहिजे. आपल्याकडे ती लावली जात नाही. विधिमंडळात गृहखात्याच्या मागण्या येतात तेव्हा भाषणं होतात ती कुठल्या जिल्ह्यात काय गुन्हा घडला आणि कुणी कुणाला वाचवलं यावर. विरोधक सरकारला धारेवर धरतात, गृहमंत्री उत्तर देतात आणि मागणी मंजूर होते. मागितलेल्या पैशातून गेल्या वर्षी काय पदरात पडलं, हे क्वचितच कुणी विचारतं.

काटकसरीचा हा विचार परदेशातून आलेला नाही, महाराष्ट्रात तो चांगला मुरलेला आहे. गोपाळ कृष्ण गोखले १८९७ मध्ये वेल्बी आयोगापुढे साक्ष द्यायला गेले. हिंदुस्थानचा पैसा कुठे आणि कुणासाठी खर्च होतो, याची त्यांनी तिथे आकड्यांनिशी चिरफाड केली. १९०२ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात त्यांचं अर्थसंकल्पावरचं पहिलं भाषण झालं. सरकार शिल्लक दाखवून खूश होतं आणि दुष्काळाने पिचलेली रयत कर भरत होती; ही शिल्लक कौतुकाची नाही, असं त्यांनी तोंडावर सांगितलं. १९११ मध्ये सरकारी खर्चाच्या वाढीची चौकशी व्हावी म्हणून त्यांनी ठराव मांडला आणि त्याच वर्षी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयकही आणलं. मला यातला क्रम महत्त्वाचा वाटतो. खर्च तपासा म्हणणारा माणूसच शाळांसाठी पैसे मागत होता. अनावश्यक खर्च आवरला तरच आवश्यक खर्चाला जागा होते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्याच काळात, १९०२-०३ मध्ये, फ्रेझर आयोगाने हिंदुस्थानातल्या पोलिसांची पाहणी केली. हे खातं अकार्यक्षम आहे आणि लोक त्याला भ्रष्ट व जुलमी समजतात, असा निष्कर्ष काढून आयोगाने पगार आणि माणसं वाढवण्याची शिफारस केली. तेव्हापासून दुखणं काहीही निघो, औषध बहुतेक वेळा हेच दिलं गेलं आहे.

आता राज्याच्या तिजोरीकडे पाहू. १० मार्च २०२५ रोजी मांडलेल्या अर्थसंकल्पात २०२५-२६ साठी सुमारे सात लाख कोटी रुपयांचा खर्च दाखवला आहे. महसुली तूट ४५,८९१ कोटींची आणि राजकोषीय तूट १ लाख ३६ हजार कोटींच्या वर. राज्यावरचं कर्ज नऊ लाख कोटींच्या पुढे जाणार, हे सरकारनेच सांगितलं आहे. महसुली तूट म्हणजे रस्ता, धरण, इमारत असं काहीही उभं न राहता चालू खर्चासाठी काढलेलं कर्ज. पगार, निवृत्तिवेतन आणि व्याज या तीन गोष्टींतच महसुली उत्पन्नाचा निम्म्याहून मोठा वाटा जातो. २००५ मध्ये राज्याने राजकोषीय उत्तरदायित्वाचा कायदा केला, तो नेमका हे टाळण्यासाठी. अशा तिजोरीतून पोलिसांसाठी पैसे मागताना दर वेळी ‘सुरक्षेच्या बाबतीत तडजोड नाही’ एवढं म्हणून चालणार नाही.

पोलीस हे असं खातं आहे की त्याचा बहुतेक खर्च माणसांवर होतो. अर्थसंकल्पाच्या पुस्तकात लेखाशीर्ष २०५५ उघडून बघा; पानामागून पान वेतन, भत्ते, वेतन, भत्ते. गाड्या, शस्त्रं, न्यायवैद्यक यंत्रणा, संगणक, प्रशिक्षण या सगळ्यांना मिळून उरतो तो थोडा भाग. म्हणून पोलिसांचा अर्थसंकल्प वाढला याचा अर्थ पोलिसिंग वाढलं असा होत नाही. राज्याने १ जानेवारी २०१९ पासून सातवा वेतन आयोग प्रत्यक्ष लागू केला, तेव्हा आकडा उसळला. त्या दिवशी ठाण्यात एकही माणूस वाढला नव्हता. पगार वाढायलाच हवा होता, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती अशा वाढीला ‘कायदा-सुव्यवस्थेसाठी भरीव तरतूद’ म्हणून मिरवण्याबद्दल.

एका शिपायाच्या पदाचा विचार करा. बावीस-तेविसाव्या वर्षी मुलगा भरती होतो आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होतो. म्हणजे पस्तीस वर्षं पगार, त्यानंतर हयातभर निवृत्तिवेतन, त्याच्या माघारी पत्नीला कुटुंब निवृत्तिवेतन. आज मंजूर केलेलं पद पन्नास-साठ वर्षं तिजोरीवर राहतं. २०२४ च्या भरतीत १७,४७१ जागा होत्या आणि त्यांसाठी सतरा लाखांहून अधिक अर्ज आले. ऑगस्ट २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने आणखी सुमारे पंधरा हजार पदांच्या भरतीला मान्यता दिली. इतक्या पदांचा पूर्ण आयुष्यभराचा खर्च एका तक्त्यात मांडून तो सभागृहासमोर ठेवला पाहिजे, एवढी माझी मागणी आहे. भरती थांबवा असं मी म्हणत नाही, आणि बदलापूरच्या शेजारी उभा राहून तसं म्हणणं खोटंही ठरेल. कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या २००१ मध्ये ९७,९४८ होती, २०११ मध्ये ती १,७४,२२६ झाली. त्यानंतर जनगणना झालेली नाही. पण सकाळची सात-साडेसातची लोकल पकडणाऱ्या कुणालाही किती माणूस वाढलं ते वेगळं सांगावं लागत नाही. अंबरनाथचं तेच आणि उल्हासनगर तर पूर्वीपासूनच दाटीचं. १९८१ मध्ये ठाण्याचं आयुक्तालय झालं तेव्हाचा हा परिसर आज राहिलेला नाही. इथे माणसं लागतील.

काटकसरीच्या नावाखाली शिपायाच्या पोटाला चिमटा घेणं, ही तर मला सगळ्यांत महागडी बचत वाटते. १९८२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत पोलीस शिपायांनीच आंदोलन पुकारलं, शहर पेटलं आणि बंदोबस्तासाठी लष्कराला बोलावण्याची वेळ आली. कामाचे तास, घर, वरिष्ठांची वागणूक, अशा त्यांच्या साध्या मागण्या होत्या. त्यातल्या कामाच्या तासांवर उपाय निघायला २०१६ उजाडलं. देवनार पोलीस ठाण्यातल्या एका शिपायाने आठ तासांच्या पाळीचं वेळापत्रक स्वतः बसवून आयुक्त दत्तात्रय पडसलगीकर यांच्यापुढे ठेवलं. आयुक्तांनी ते मे महिन्यात त्याच ठाण्यात करून पाहिलं आणि पुढे मुंबईतल्या इतर ठाण्यांतही नेलं. असलेल्या मनुष्यबळाची नीट मांडणी करूनच प्रयोगाला सुरुवात झाली. पुढे माणसं कमी पडली तिथे त्याला अडचणी आल्या, हेही खरं. तरी एक गोष्ट त्याने दाखवून दिली. जास्त पैसे मागण्याआधी आहे त्या माणसांचा दिवस कशात जातो हे पाहिलं, तर बरंच काही हाती लागतं.

आता मी ज्या विषयावर सर्वांत जास्त बोलणार आहे तिकडे येतो, कारण तो तुमच्या-माझ्या दारात घडला. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत चार वर्षांच्या दोन मुलींवर लैंगिक अत्याचार झाले. तक्रार घेऊन गेलेल्या पालकांना ठाण्यात तासनतास बसवून ठेवल्याचा आरोप झाला आणि गुन्हा नोंदला गेला तो १६ ऑगस्टच्या रात्री उशिरा. २० ऑगस्टला लोक बदलापूर स्थानकात रुळांवर उतरले. दिवसभर कर्जतकडची गाडी हलली नाही. दगडफेक झाली, लाठीमार झाला, शेकडो लोकांवर गुन्हे दाखल झाले. सरकारने महिला पोलीस महानिरीक्षकांच्या नेतृत्वाखाली विशेष तपास पथक नेमलं, ठाण्यातल्या अधिकाऱ्यांना निलंबित केलं, आणि मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन विलंबाबद्दल खडे बोल सुनावले.

त्या मुलींना आणि त्यांच्या आईवडिलांना जे सोसावं लागलं त्याची किंमत पैशात करता येत नाही, आणि तसा प्रयत्नही मी करणार नाही. पण सरकारी खर्चाच्या बाजूने एक गोष्ट पाहा. गुन्हा वेळेत लिहून घ्यायला किती खर्च आला असता? दखलपात्र गुन्ह्याची खबर आली की नोंद करावीच लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी खटल्यात २०१३ मध्येच स्पष्ट केलं आहे. लहान मुलांचा जबाब शक्यतो महिला उपनिरीक्षक किंवा तिच्यावरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता, मुलाला सोयीच्या जागी घ्यावा, असं २०१२ चा पोक्सो कायदा सांगतो. त्यासाठी हवी होती एक अधिकारी, एक खोली आणि कर्तव्याची जाणीव. ते झालं नाही, म्हणून पुढे काय काय लागलं ते मोजा. जिल्ह्याबाहेरून आणलेली कुमक, राज्य राखीव दल, विशेष पथक, न्यायालयातल्या तारखा, शेकडो आरोपींच्या फायली, आणि एक अख्खी रेल्वेमार्गिका दिवसभर बंद. पोलिसांच्या कामातली सर्वांत स्वस्त गोष्ट टाळली आणि सर्वांत महाग गोष्टी ओढवून घेतल्या. माझ्या सगळ्या म्हणण्याचं मूळ इथे आहे. हयगयीचा खर्च अर्थसंकल्पात कुठल्याही लेखाशीर्षाखाली दिसत नाही, तो ‘बंदोबस्त’ या नावाने पुढच्या वर्षीच्या मागणीत मिसळून जातो. मग तीच वाढीव मागणी, पोलिसांवर ताण किती वाढला आहे याचा पुरावा म्हणून पुढे केली जाते.

त्याच वर्षी, २ फेब्रुवारीला, उल्हासनगरच्या हिललाईन पोलीस ठाण्यात वरिष्ठ निरीक्षकांच्या दालनात गोळीबार झाला. आरोप होता तेव्हाच्या एका आमदारांवर. ठाण्यातल्या कॅमेऱ्यात टिपलेलं ते दृश्य देशभर पाहिलं गेलं. पोलीस ठाण्यांत कॅमेरे बसवा, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये सांगितलं होतं, आणि तो खर्च योग्यच आहे. पुरावा राहतो, कोठडीतल्या माणसाला संरक्षण मिळतं. पण सत्तेतला माणूस ठाण्यात आला की ठाण्याचा अधिकारी किती मोकळेपणाने वागू शकतो, हा प्रश्न कॅमेरा सोडवत नाही. तो सोडवण्यासाठी प्रकाश सिंह खटल्यात २२ सप्टेंबर २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिले होते. तपास आणि बंदोबस्त ही कामं वेगळी करा, अधिकाऱ्यांना ठरावीक मुदत द्या, तक्रार प्राधिकरण नेमा. महाराष्ट्राने २०१४ मध्ये कायदा दुरुस्त करून प्राधिकरणाची तरतूद केली. पण तपास करणारा अधिकारी आजही मोर्चा, मिरवणूक, मंत्र्यांचा दौरा यांसाठी सहज उचलला जातो. या सुधारणेला काही पैसे लागतील, आणि ते देण्याच्या मी बाजूने आहे. नवीन पदं तपासाकडे वर्ग होणार असतील, तर काटकसरीच्या माणसाने हात आखडता घेऊ नये.

मग पैसा कुठे वाचवायचा? दोन उदाहरणं सांगतो, दोन्ही मुंबईची, पण पैसा सगळ्याच करदात्यांचा.

पहिलं निर्भया निधीचं. दिल्लीतल्या २०१२ च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर २०१३ मध्ये केंद्राने हा निधी उभारला, तो महिलांच्या सुरक्षेसाठी. त्यातल्या तीस कोटींहून अधिक रकमेतून मुंबई पोलिसांनी २०२२ मध्ये २२० बोलेरो, ३५ एर्टिगा, ३१३ पल्सर आणि २०० ॲक्टिव्हा घेतल्या. गाड्या ठाण्यांना वाटल्या गेल्या. त्याच वर्षी जुलैमध्ये राज्यातल्या सत्तांतरानंतर आमदार-खासदारांना वाय-प्लस सुरक्षा देण्यात आली आणि त्यासाठी ४७ बोलेरो परत मागवण्यात आल्या. डिसेंबरमध्ये ही बातमी आली तेव्हा त्यातल्या सतरा परत गेल्या होत्या, तीस अजून नेत्यांच्या ताफ्यात होत्या. अर्थसंकल्पाच्या कागदावर हा खर्च ‘महिला सुरक्षा’ म्हणूनच राहणार. तरतूद वाढवा म्हणणाऱ्यांना मी हेच विचारतो, वाढवलेली तरतूद जिथे जायची तिथे पोहोचेल याची हमी कोण घेतो? कोणाला कुठल्या दर्जाची सुरक्षा, ती किती महिने आणि तिला किती शिपाई लागले, हे दर सहा महिन्यांनी जाहीर झालं पाहिजे. ज्याला खरोखर धोका आहे त्याला सुरक्षा मिळावी, पण ती मानाची गोष्ट झाली की ठाण्यातली माणसं कमी होतात, आणि ती कमी होतात ती बदलापूर-उल्हासनगरसारख्या ठिकाणी, जिथे आधीच ओढाताण आहे.

दुसरं क्रिकेटचं. वानखेडेवर सामना असला की शेकडो पोलीस तैनात होतात. त्यासाठी संघटनेकडून शुल्क घ्यायचं, असा नियम होता. टी-ट्वेंटी सामन्याचा दर ७० लाखांपर्यंत गेला होता. जून २०२३ मध्ये सरकारने शासन निर्णय काढून तो १० लाखांवर आणला, आणि तोही २०११ पासून मागच्या तारखेने. थकलेले १४ कोटी ८२ लाख रुपये त्यामुळे सुटले. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि न्यायालयाने सरकारकडे स्पष्टीकरण मागितलं. देशातल्या सर्वांत श्रीमंत खेळाला पोलीस जवळपास फुकटात द्यायचे आणि दुसरीकडे पोलिसांच्या वसाहती गळतात म्हणून तिजोरीत पैसे नाहीत असं सांगायचं, हे मला कुठल्याही हिशेबात बसवता येत नाही. नफ्यासाठी भरवलेल्या कार्यक्रमाचा बंदोबस्त पूर्ण दराने आकारावा, तो पैसा थेट पोलीस गृहनिर्माणाकडे वळवावा. या कामासाठी १९७४ पासून वेगळं महामंडळ आहे. पोलिसाच्या घरासाठी करदात्याकडे हात पसरण्याआधी हे येणं वसूल झालं पाहिजे.

मंडळी, आपल्या जांभूळमध्ये एमआयडीसीचं जलशुद्धीकरण केंद्र आहे. बारवीतून उल्हास नदीत सोडलेलं पाणी इथे उचललं जातं, शुद्ध होतं आणि किती शहरांना जातं ते तुम्ही जाणता. किती पाणी उचललं, किती कुणाला दिलं, किती गळालं, हे रोज मोजलं जातं. गळती वाढली की आरडाओरड होते. पोलीस खात्यात मात्र पैसा सोडला जातो तो लाखो कोटींच्या अर्थसंकल्पातून, आणि एका ठाण्यापर्यंत किती पोहोचला हे कुणीच मोजत नाही.

हे शब्दशः खरं आहे. एका पोलीस ठाण्याला स्वतःचा अर्थसंकल्प नसतो. पगार आयुक्तालयातून किंवा अधीक्षक कार्यालयातून निघतो, गाडी मोटार परिवहन विभागाची, इमारत सार्वजनिक बांधकाम विभागाच्या नाहीतर गृहनिर्माण महामंडळाच्या हवाली. आपलं ठाणं वर्षाला किती रुपयांत चालतं, हे ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला विचारा. तो प्रामाणिक असेल तर सांगता येत नाही म्हणेल. बेपत्ता मुलीच्या शोधासाठी दोन शिपाई उत्तर प्रदेशात पाठवायचे असतील, तर तिकीट, राहणं, जेवण यांचा खर्च अनेकदा त्यांच्याच खिशातून होतो आणि प्रवास भत्त्याचं देयक टेबलामागून टेबलं फिरत राहतं. शिपायाने ते पैसे कुठून भरून काढायचे? या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा फिर्यादीच्या खिशात शोधलं जातं, आणि हे आपल्यापैकी किती तरी जणांनी अनुभवलेलं आहे. म्हणजे हजारो कोटी खर्च होतात आणि तपासाच्या पहिल्या दोन हजारांसाठी ठाणं हात पसरतं. हे पाहून कुणी म्हणेल, अर्थसंकल्प वाढवा. मी म्हणतो, आहे त्यातलाच थोडा भाग प्रत्येक ठाण्याच्या हाती द्या, खर्चायचा अधिकार द्या आणि हिशेब घ्या.

ज्यांच्या स्मरणार्थ आपण इथे जमलो, ते गुरुजी ग्रामसभेत जमाखर्च मोठ्याने वाचायला लावत, हे तुम्ही मला सांगितलंत. ग्रामपंचायतीने गटारावर किती खर्च केला, ते विचारायचा हक्क तुम्हाला कायद्याने आहे, आणि तुम्ही तो बजावता. शंभर मीटर गटाराबद्दल जे विचारता येतं, ते तुमच्या मुलीच्या सुरक्षेवर होणाऱ्या खर्चाबद्दल विचारता येऊ नये, हे मला मान्य नाही. यावर काही लोक म्हणतील, पोलिसांचा खर्च गोपनीय असतो. गुप्तवार्ता, शस्त्रांची ने-आण, खबऱ्यांना दिलेले पैसे हे गोपनीय असतीलच. डिझेल, स्टेशनरी, प्रवास भत्ता, महिला अधिकाऱ्यांची संख्या, बंदोबस्तात गेलेले तास, यात गोपनीय काही नाही.

२ जानेवारी १९६१ रोजी महाराष्ट्र पोलिसांना त्यांचा ध्वज मिळाला, म्हणून दर वर्षी तो दिवस पोलीस स्थापना दिन पाळला जातो. त्या आठवड्यात ठाण्यांचे दरवाजे शाळकरी मुलांसाठी उघडतात. मुलांना बिनतारी संदेश यंत्रणा दाखवतात, बंदूक हातात धरू देतात, मुलं खूश होऊन घरी येतात. माझी मागणी आहे की त्याच आठवड्यात प्रत्येक ठाण्याने दर्शनी भिंतीवर एक तक्ता लावावा. गेल्या वर्षी पगारावर किती, डिझेलवर किती, तपासाच्या प्रवासावर किती आणि त्यातली किती देयकं अजून थकली आहेत. मंजूर पदं किती, भरलेली किती, त्यात महिला उपनिरीक्षक किती. ठाण्याच्या माणसांचे किती दिवस हद्दीबाहेरच्या बंदोबस्तात गेले. तक्रार आल्यापासून गुन्हा नोंदवेपर्यंत सरासरी किती वेळ लागला. पुढच्या अर्थसंकल्पी अधिवेशनात गृहखातं जादा पैसे मागेल, तेव्हा आपल्या आमदाराने सभागृहात उभं राहून निदान आपल्या मतदारसंघातल्या ठाण्यांचे असे तक्ते मागावेत. आणि ते मागितले की नाही, हे तुम्ही पुढच्या ग्रामसभेत त्याला विचारावं.